इन्व्हर्टरवर पाण्याची मोटर: सुरुवातीचा प्रवाह कसा आवरावा

घरातला इन्व्हर्टर दिवे-पंखे तासन्‌तास चालवतो, मात्र पाण्याच्या मोटरचे बटण दाबताच ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. अशा वेळी मोठा इन्व्हर्टर घेण्याचा सल्ला लगेच मिळतो. माझ्या मते आधी मोजमाप करावे, मग सुरुवातीचा प्रवाह कमी करावा आणि नव्या खरेदीचा विचार त्यानंतरच करावा.

पाण्याच्या पंपात सहसा असते ती इंडक्शन मोटर थांबलेल्या स्थितीतून वेग घेईपर्यंत साधारणपणे नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. समजा, अर्धा एचपी मोटरच्या नेमप्लेटवर 230 व्होल्ट आणि 3.5 अँपियर लिहिले आहे. चालू असताना ती सुमारे 805 व्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर) घेईल, पण सुरू होताना सहापट म्हणजे 21 अँपियर, सुमारे 4,800 व्हीए मागेल. 1,500 व्हीएचा इन्व्हर्टर क्षणभर दुप्पट भार सोसत असला, तरी तो 3,000 व्हीएपर्यंतच पोहोचतो. प्रत्यक्ष आकडा इनरश, म्हणजे सुरुवातीच्या प्रवाहाची उसळी, मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने, मोटर नेहमीच्या विजेवर सुरू करून घ्यावा. साध्या मीटरला ही उसळी सापडत नाही.

पुष्कळदा खरी अडचण बॅटरीच्या बाजूला असते आणि तिकडे कोणी पाहत नाही. वरच्या 4,800 व्हीए भारापैकी निम्माच प्रत्यक्ष वॅटमध्ये आला, तरी 12 व्होल्टच्या बॅटरीतून 200 अँपियर वाहतात. 24 व्होल्टच्या जोडणीत तेच 100 होतात. बारीक केबल, सैल लग (केबलच्या टोकाची धातूची जोडणी), गंज धरलेले टर्मिनल किंवा जुनी बॅटरी असेल, तर या क्षणी व्होल्टेज कोसळते. इन्व्हर्टरचे आउटपुट 20 टक्क्यांनी उतरले, तर मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटून 64 टक्क्यांवर येतो, आणि मोटर न फिरता नुसती गुणगुणत वाइंडिंग तापवत राहते. तसे झाल्यास ती तत्काळ बंद करावी. किमान व्होल्टेज नोंदवणाऱ्या मल्टिमीटरने मोटर सुरू होताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजावे: दोन्हींतला फरक केबल आणि जोडांत वाया जातो.

त्यानंतर इलेक्ट्रिशियनकडून मोटरचा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) तपासून घ्यावा, कारण तो कमजोर झाला की मोटर वेग घ्यायला वेळ लावते. सेंट्रिफ्युगल पंपाला (फिरत्या चाकाने पाणी फेकणाऱ्या पंपाला) सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवत मोटर सुरू करणारे उपकरण, सहसा चालतो, मात्र सुरुवातीलाच जोर लागणाऱ्या कॉम्प्रेसरला तो नेहमी मानवत नाही. नवी मोटर घ्यायचीच असेल, तर थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारे उपकरण) हा सर्वांत चांगला मार्ग आहे: फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढत असल्याने प्रवाह नेमप्लेटच्या आसपास राहतो. कपॅसिटरवाली सिंगल-फेज मोटर मात्र साध्या व्हीएफडीला जोडू नये.

त्याच इन्व्हर्टरवर फ्रिज असेल, तर त्यासाठी तीन ते पाच मिनिटे उशिरा वीज देणारा टायमर लावावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधला दाब उतरतो आणि फ्रिज व मोटर एकाच वेळी उठत नाहीत. लिथियम बॅटरी असल्यास तिच्या बीएमएसची (बॅटरीचे संरक्षण करणाऱ्या सर्किटची) क्षणिक प्रवाहाची मर्यादा आणि ती किती सेकंदांची आहे, हे खरेदीपूर्वीच पाहावे.