मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या जुन्या गाडीचे मायलेज कसे सुधारावे

शेव्हरोलेच्या १९६५ च्या इम्पालासारख्या अमेरिकी गाडीत ५.४ लिटरचे व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरांचे) इंजिन असेल, तर ती छोट्या गाडीएवढे मायलेज कधीच देणार नाही; पण म्हणून प्रयत्न सोडणे चुकीचे आहे. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी १६ जाऊ लागली, तर हजार किलोमीटरमागे जेमतेम चार लिटर पेट्रोल वाचते. ४ किलोमीटर जाणारी गाडी ५ जाऊ लागली, तर तेवढ्याच अंतरात ५० लिटर वाचते.

सुरुवात मोजमापाने करावी. टाकी पूर्ण भरून गाडी चालवावी, त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी आणि अंतराला भरलेल्या लिटरने भागावे. टायरचा आकार बदललेला असल्यास ओडोमीटर (अंतर मोजणारे मीटर) चुकीचे अंतर दाखवतो, म्हणून ते मोबाइलच्या जीपीएसवर पडताळून घ्यावे. त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक हाताने फिरवावे. ड्रमला ब्रेकचे लायनर घासत असतील, तर आधी ते सोडवावेत. टायरची हवा गाडी थंड असताना तपासावी.

यानंतरचे काम इग्निशनचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे, आणि माझ्या मते सर्वाधिक फायदा येथेच होतो. गाडी सावकाश, कमी भाराने चालत असते तेव्हा सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण कमी भरते आणि ते हळू जळते, त्यामुळे ठिणगी बरीच आधी पडावी लागते. हे काम डिस्ट्रिब्युटरवरील (ठिणगी सिलिंडरांना वाटून देणाऱ्या भागावरील) व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा पडदा इंजिनाच्या हवेच्या ओढीने सरकून करतो. तो फाटला तरी गाडी ठीक चालल्यासारखी वाटते, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. या पडद्याच्या नळीतून हवा ओढून पाहावी: आतली प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ कायम असेपर्यंत तेथेच टिकली पाहिजे. पॉइंटचे (डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणाऱ्या संपर्काचे) अंतर ठीक करून, नळी काढून तिचे तोंड बंद करावे, टायमिंग लाइटने मॅन्युअलमधील आकड्यावर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लावावे आणि नळी पुन्हा जोडावी. चढावर इंजिन नॉकिंग करू लागले, म्हणजे ठकठक आवाज करू लागले, तर टायमिंग किंचित मागे घ्यावे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल असे करावे.

हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला हात त्यानंतरच लावावा. इंजिन तापल्यावर चोकची (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी) झडप पूर्ण उघडते का आणि फ्लोटची (आतले पेट्रोल ठरावीक पातळीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बरोबर आहे का, हे पाहावे. आपल्याकडे उष्ण हवेमुळे अनेक मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंड पाण्याचा प्रवाह रोखणारी झडप) काढूनच टाकतात. तसे केल्यास इंजिन पुरेसे तापत नाही, चोक उशिरा उघडतो आणि पेट्रोल वाया जाते, म्हणून तो परत बसवावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, व जुना कार्बोरेटर ते स्वतःहून सुधारू शकत नाही, त्यामुळे जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) किंचित मोठा लावावा लागू शकतो.

चालवताना डॅशबोर्डवर व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ दाखवणारे मापक) लावलेला असावा. वेग वाढवण्याचे पॅडल दाबताच काटा फार खाली गेला, की कार्बोरेटर शक्तीसाठी जादा पेट्रोल सोडू लागतो. काटा वर राहील अशा बेताने वेग वाढवावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये अमेरिकेने ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा लावली होती. महामार्गावर तोच वेग धरावा.

एवढे करूनही लांबचा प्रवास वारंवार होत असेल, तरच गिअरबॉक्सचा खर्च विचारात घ्यावा. मूळच्या दोन गिअरच्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सऐवजी ०.७० ओव्हरड्राइव्हचा (चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला ०.७० फेरे पुरणाऱ्या गिअरचा) ७००-आर४ हा गिअरबॉक्स बसवल्यास त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. मूळ गिअरबॉक्स मात्र टाकून देऊ नये, जपून ठेवावा.