मॅग्निटोगोर्स्कच्या ‘अरेना मेटालुर्ग’मध्ये आइस हॉकी पाहायला जाताना या चुका टाळा

रशियाच्या दक्षिण उरल भागातील मॅग्निटोगोर्स्क हे पोलादाचे शहर आहे. २००७ मध्ये खुल्या झालेल्या तेथील ‘अरेना मेटालुर्ग’मध्ये सुमारे ७,७०० प्रेक्षक बसतात. २०१४, २०१६ आणि २०२४ मध्ये केएचएल या आइस हॉकी लीगच्या विजेतेपदाचा गागारिन चषक जिंकणाऱ्या ‘मेटालुर्ग’ संघाचे हे घरचे मैदान. येथील सामना मनापासून अनुभवण्यासारखा असतो. म्हणूनच नवख्या प्रेक्षकाने तो किरकोळ चुकांपायी वाया घालवू नये.

पहिली चूक वेळेची. लीगच्या वेळापत्रकात वेळ बहुधा मॉस्कोची असते आणि मॅग्निटोगोर्स्क मॉस्कोच्या दोन तास पुढे आहे. वेळापत्रकात १७:०० दिसले, तर तेथे सामना संध्याकाळी सातला सुरू होतो, आणि तेव्हा भारतात साडेसात वाजलेले असतात. दुसरी चूक पत्त्याची: संघ पोलाद कारखान्याचा असला, तरी कारखाना उरल नदीच्या डाव्या, आशियाई काठावर आहे आणि अरेना उजव्या, युरोपीय काठावर. शहरात ‘मेटालुर्ग’ नावाच्या इतर जागाही आहेत, त्यामुळे टॅक्सीचालकाला पूर्ण नाव सांगावे.

जागा निवडताना काचेला खेटून असलेल्या पहिल्या रांगेचा मोह बहुतेकांना होतो. तेथून टकरींचा दणका अंगावर येतो हे खरे, पण आपल्याच बाजूच्या कठड्यालगत पक (खेळातली रबरी चकती) गेला की तो दिसत नाही आणि संघाची रचना तर मुळीच उमगत नाही. माझ्या मते पहिला सामना मधल्या किंवा वरच्या रांगेतूनच पाहावा. पक शोधता शोधता डोळे थकत असतील, तर नजर खेळाडूंच्या हालचालीवर ठेवावी. ते ज्या दिशेला वळतात, तिकडेच पक असतो. मिनिटभराच्या आत खेळाडू बाकाकडे परततो तो दुखापतीमुळे नव्हे, तर चालू खेळातच होणाऱ्या नेहमीच्या अदलाबदलीमुळे.

मध्यंतरात सगळ्यांनीच उठून जाऊ नये. तेव्हा बर्फ नीट करणारे यंत्र मैदानावर येते: त्याचे पाते बर्फाचा ओरखडलेला थर खरवडते आणि मागचे ओले कापड गरम पाण्याचा पातळ थर पसरवते. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असल्याने आणि ते जुन्या बर्फाशी नीट सांधत असल्याने नवा बर्फ घट्ट व नितळ होतो.

बाहेर उणे वीस अंश असताना फोनची बॅटरी अचानक बंद पडू शकते, म्हणून फोनमधले तिकीट दाखवेपर्यंत तो आतल्या खिशात ठेवावा. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, बरोबरी झाल्यास गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा डाव चालतात. तेव्हा सुमारे तीनशे किलोमीटरवरील चेल्याबिन्स्कला त्याच रात्री परतण्याचे तिकीट काढू नये.