ढोबळी मिरची बॅगेत नेली, पाणी मात्र बेडचंच! या चुका टाळा

क्षारपड जमिनीला कंटाळून वाळवा-मिरज भागात कुणी पॉलिहाऊसमधली रंगीत ढोबळी कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बॅगेत नेली, की पहिला घोटाळा पाण्यात होतो. मातीच्या बेडवर सकाळी एकदा ड्रीप सोडलं तरी निभतं. बॅगेत मुळांना जागाच थोडी, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं पाणी लागतं. त्यातलं 20 ते 30 टक्के खालून निथळायलाच हवं. "वाया जातंय" म्हणून ते तोडलं की क्षार बॅगेतच साचतात. एका बॅगेखाली ट्रे ठेवा आणि निथळलेल्या पाण्यात ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) मोजायचं मीटर बुडवा. दिलेल्या पाण्याचा ईसी 2 आणि निथळलेल्याचा साडेतीन असेल, तर पुढच्या पाळ्यांना खत हलकं करून निचरा वाढवा.

आता शेतीची थ्री फेज लाईट रात्रपाळीची असेल तर दिवसा पाळ्या द्यायच्या कशा? रात्री टाकी भरून ठेवा आणि ड्रीपसाठी घरगुती लाईटवरची छोटी मोटर लावा. ही सोय नसेल तर नुसत्या परलाइटच्या (बॅगेत भरायच्या पांढऱ्या, हलक्या, फुगवलेल्या खड्यांच्या) नादी लागू नका. ते पाणी धरत नाही, दुपारी मोटर बंद पडली की झाडं माना टाकतात.

फळाच्या बुडाला तपकिरी, चामड्यासारखा डाग दिसला की बुरशीनाशकाचा पंप पाठीवर चढतो. तो रोग नाही, फळाला कॅल्शियम पोचलेलं नाही. पाणी कमी-जास्त झालं तरी हेच होतं. कोकोपीटच्या विटा नुसत्या भिजवून भरल्या तरी होतं, कारण काथ्याचा भुसा कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतो. आधी साध्या पाण्याने धुवा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर ठेवून पुन्हा धुवा. हे खत सल्फेट-फॉस्फेटच्या खतांबरोबर एकाच टाकीत दाट कालवलं तर पांढरा साका बसतो आणि ड्रिपर तुंबतात.

स्वस्तात बॅग भरायची म्हणून साखर कारखान्याची ताजी मळी (प्रेसमड) आणू नका. ढिगात हात घालून पाहा, चटका बसतो. मुळांचं काय होईल? चांगली कुजलेली, थंड झालेली मळी थोडीच मिसळा. कच्चं भाताचं तूस जास्त झालं तर कुजताना नत्र खातं, पानं पिवळी पडतात. काळी माती बॅगेत नकोच, निचरा संपतो आणि मर (झाड सुकवणारा रोग) लागते.

मर किंवा सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) आलेली बॅग पुढच्या लागणीला पुन्हा वापरायची नाही, भाव कितीही पडलेला असो.