डिमेन्शियाच्या तपासण्या करताना या चुका टाळा

विसरणं वाढलं, डिमेन्शियाची म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळण्याच्या आजाराची शंका आली, की घरातले आधी एमआरआयचं विचारतात. डॉक्टरांना मात्र आधी हकीकत हवी असते: त्रास कधी सुरू झाला, हळूहळू वाढला की अचानक, हिशेबात किंवा ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो का. ती सोबत राहणाऱ्यानेच सांगावी. वडीलधाऱ्यांसमोर बोलवत नसेल तर लिहून न्या. "हल्ली फार विसरतात" असं मोघम नको. "गॅस दोनदा चालू राहिला" असं नेमकं लिहा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो स्मरणशक्तीच्या चाचणीत. एमएमएसई आणि मोका या त्यासाठीच्या दोन प्रश्नोत्तरांच्या चाचण्या, दोन्ही 30 गुणांच्या. तारीख विचारतात, सांगितलेले शब्द थोड्या वेळाने परत विचारतात. मोकामध्ये घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावतात. तेवढ्यात शेजारी बसलेला मुलगा हळूच म्हणतो, "बाबा, आज मंगळवार." प्रेमापोटीच म्हणतो, पण नेमकं जे कळायला हवं तेच झाकलं जातं. कृपा करून गप्प बसा. चष्मा किंवा कानाचं मशीन घरी राहिलं तर उलटं होतं, ऐकूच न आलेला शब्द विसरला म्हणून धरला जातो. चाचणी त्यांच्या रोजच्या भाषेत व्हावी आणि शिक्षण किती झालंय तेही आवर्जून सांगा. कमी शिकलेल्यांचे गुण आजार नसतानाही कमी येतात. भरपूर शिकलेला माणूस आजार असूनही सुरुवातीला निभावून नेतो.

गोंधळ दोन-चार दिवसांतच उद्भवला असेल तर चाचणीची तारीख धरून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवं औषध, कशानेही असं होतं. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, झोपेच्या आणि ॲलर्जीच्याही. काहींनी स्मरणशक्ती मंदावते. मात्र मनाने बंद करू नका.

रक्तात बी12 आणि थायरॉइड बघतात. बी12ची इंजेक्शनं आधीच सुरू केली तर मूळची कमतरता रिपोर्टात दिसत नाही. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने चुकू शकतात.

राहिला स्कॅन. डोक्यात साचलेलं रक्त, गाठ, जुना स्ट्रोक त्यात दिसतो, म्हणून तो हवाच. पण तो नॉर्मल आला तरी सुरुवातीचा डिमेन्शिया असू शकतो, आणि मेंदू वयोमानाने आकसलाय एवढ्यावरून निदान होत नाही.

चाचणीचा मूळ कागद मागून घ्या. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा चाचणी झाली की नुसती बेरीज नव्हे, कुठला प्रश्न नव्याने चुकला हे डॉक्टरांना ताडून बघता येतं.