शेतीचा हिशेब वहीतून सॉफ्टवेअरमध्ये नेताना

शेतीचा हिशेब संगणकावर न्यायचा म्हणजे जुन्या वह्या पहिल्या पानापासून टंकत बसायचे, असा अनेकांचा समज असतो आणि त्यामुळेच हे काम बहुधा अर्ध्यावर सुटते. मागील वर्षांच्या नोंदी वहीतच राहू द्याव्यात. सॉफ्टवेअरला हवी असते ती एका ठरावीक तारखेची आरंभीची शिल्लक, आणि ती जितकी चोख असेल तितकाच पुढचा सगळा हिशेब विश्वासार्ह ठरतो. ही तारीख हिशेबी वर्षाचा पहिला दिवस असावी. त्या दिवशी शेतात कामाची घाई असेल तर हरकत नाही. पावत्या जपून ठेवल्या असल्यास नोंदी नंतर सवडीने मागील तारखेने करता येतात.

आरंभीच्या शिल्लकेत रोख रक्कम, बँकेतील रक्कम, येणी, देणी आणि कर्जाची बाकी मुद्दल सहसा सुटत नाहीत. सुटतात त्या कोठारातल्या वस्तू: उरलेले बियाणे, खत, औषधे, चारा, इंधन आणि न विकलेला माल. या वस्तूंची मोजदाद अंदाजाने न करता प्रत्यक्ष वजन-माप घेऊन करावी. यंत्रे आणि जनावरे यांची यादी वेगळी करावी व यंत्रांची किंमत आजवरचा घसारा, म्हणजे वापरामुळे झालेली किमतीतील घट, वजा करून लिहावी. मालमत्तेच्या बेरजेतून देणी व कर्ज वजा केले की जे उरते ते भांडवल.

त्याहूनही अधिक दुर्लक्ष होते ते त्या तारखेला शेतात उभ्या असलेल्या पिकाकडे. पेरणी, मशागत आणि पहिले खत हा खर्च जुन्या वर्षात झालेला असतो, तर काढणी नव्या वर्षात होते. तोवर झालेला खर्च ‘उभ्या पिकावरील खर्च’ म्हणून आरंभीच्या शिल्लकेत आणला नाही, तर नव्या वर्षात उत्पन्न पूर्ण दिसते, खर्च मात्र अर्धाच दिसतो आणि ते पीक आहे त्याहून किफायतशीर वाटू लागते. अशा आकड्यावर विसंबून पुढील हंगामाची लागवड ठरवली जाऊ नये, म्हणून याबाबत मी आग्रही आहे. फळबागेचा विचार आणखी वेगळा करावा लागतो. १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार आंतरराष्ट्रीय लेखामानकांत (हिशेब मांडण्याच्या नियमांत) वर्षानुवर्षे फळ देणारी झाडे यंत्रसामग्रीप्रमाणे स्थिर मालमत्ता मानली जातात, आणि त्यांच्यावरील फळे मात्र स्वतंत्र शेतमाल धरली जातात. हे मानक बंधनकारक नसलेल्यांनाही ही विभागणी उपयोगी आहे: बाग फळावर येईपर्यंतचा खर्च मालमत्तेत जमा करावा आणि त्यानंतर दरवर्षी घसारा काढावा.

खाती पाडताना मोह आवरावा. प्रत्येक शेताच्या तुकड्यासाठी बियाणे, खत, मजुरी अशी वेगळी खाती उघडली, तर बारा प्रकारचे खर्च आणि सहा तुकडे मिळून बहात्तर खाती होतात. त्याऐवजी खर्चाची बाराच खाती ठेवून प्रत्येक नोंदीला तुकडा, पीक आणि हंगाम दाखवणारी खूण जोडावी. ही सोय आहे की नाही, हे सॉफ्टवेअर निवडतानाच पाहावे. ट्रॅक्टरच्या डिझेलसारखा सामाईक खर्च आधी एका खात्यात साठवावा आणि हंगामाअखेर यंत्राच्या तासांनुसार पिकांवर वाटावा. घरखर्चासाठी काढलेले पैसे ‘उचल’ या खात्यात टाकावेत, ते शेतीच्या खर्चात मिसळू नयेत.

सुरुवातीचे काही महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवावेत. येथे एक सावधगिरी हवी. द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात नावे लिहिणारे सॉफ्टवेअर, या दोन्ही बाजू जुळल्याखेरीज नोंदच स्वीकारत नाही. त्यामुळे तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या जमा-नावे शिलकांचा तक्ता, नेहमी जुळलेलीच दिसते, पण सुटलेली किंवा चुकीच्या खात्यात गेलेली नोंद तीत उघडकीस येत नाही. म्हणून महिनाअखेरीस सॉफ्टवेअरमधील शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी आणि हातातल्या रोखीशी ताडून पाहावी. फरकाला नऊने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. ५४० ऐवजी ४५० लिहिले गेल्यास फरक ९० येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती बहुधा जमेऐवजी नावे पडलेली असते.

शेतावरची खिशातली टिपणवही बंद करण्याचे कारण नाही. मजुरांचे दिवस, यंत्राचे तास, मालाचे वजन तिथेच जागेवर लिहावे आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी सॉफ्टवेअरमध्ये उतरवावे. प्रत्येक पावतीवर क्रमांक घालून तोच क्रमांक नोंदीत लिहावा. हिशेबाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, अशा ठेवाव्यात. शिवाय सर्व नोंदी सीएसव्हीसारख्या (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात बाहेर काढता येतात याची खात्री करून घ्यावी, म्हणजे पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी हिशेब अडकत नाही.

दोन्हीकडची शिल्लक सलग तीन महिने जुळली आणि त्या काळात निदान एका पिकाची विक्री होऊन पैसे हाती आले, की वहीतील शेवटच्या नोंदीखाली रेघ मारावी, त्या दिवसाची तारीख व प्रत्येक खात्याची शिल्लक लिहून सही करावी आणि वही पावत्यांसोबत कोरड्या जागी ठेवून द्यावी.