कोलेस्टेरॉलच्या ऑक्सिडीकरणातून धमनीत होणारा दाह कसा आटोक्यात ठेवावा

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल, मोजले जाते रक्तात, पण त्याचे खरे नुकसान होते धमनीच्या भिंतीत. म्हणून उपाय ठरवण्यापूर्वी तेथे काय घडते हे समजून घ्यावे.

एलडीएलचे कण धमनीच्या अस्तरातून आत शिरतात आणि तेथील प्रथिनांच्या जाळ्यात अडकून पडतात. त्यांचे ऑक्सिडीकरण झाले, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडले, की अस्तराच्या पेशी रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना ओढून घेतात आणि भिंतीत आल्यावर त्या भक्षक पेशी, म्हणजेच मॅक्रोफेज बनतात. पेशीत पुरेसे कोलेस्टेरॉल साठले की साध्या एलडीएलचे ग्राहक रेणू, म्हणजे ते पकडून पेशीत घेणारे पृष्ठभागावरील रेणू, घटतात. ऑक्सिडीकृत एलडीएल उचलणाऱ्या सीडी३६सारख्या ग्राहकांना मात्र असा लगाम नसतो. भक्षक पेशी मग मेदाने गच्च भरून फेसाळ दिसू लागते, तिच्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक तयार होतात आणि ते एनएलआरपी३ ही पेशीतील दाह सुरू करणारी यंत्रणा चेतवून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहकारक प्रथिन बाहेर सोडायला लावतात. हेच प्रथिन रोखणाऱ्या औषधाने, एलडीएल न घटताही, हृदयविकाराचे पुढील झटके कमी होतात हे २०१७ मध्ये कँटॉस चाचणीत दिसले. गंभीर जंतुसंसर्गाचा धोका मात्र त्याने वाढला.

त्यामुळे पहिले काम म्हणजे अडकणारे कणच कमी करणे. आहारातील संपृक्त मेद घटवून त्याजागी असंपृक्त मेद घ्यावा, आणि डॉक्टरांनी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध दिले असल्यास ते आपल्या मनाने बंद करू नये. धूम्रपान पूर्ण सोडावे, कारण धुरातील घटक ऑक्सिडीकरणाला थेट हातभार लावतात. रक्तदाब आणि रक्तातील साखरही ताब्यात ठेवावी.

स्वयंपाकात तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवू नये. प्राणिज मेद आणि दुधाची भुकटी उष्णता, हवा व प्रकाशापासून दूर ठेवावी, कारण अन्नातील मेद आणि कोलेस्टेरॉलचेही ऑक्सिडीकरण होते. ही काळजी घ्यावीच, पण तिने वाढलेले एलडीएल उतरेल असे मानू नये.

ऑक्सिडीकरण थांबवायचे तर जीवनसत्त्व ईच्या गोळ्या का घेऊ नयेत, असे अनेकांना वाटते. कल्पना तर्काला धरून आहे, तरीही २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत या गोळ्यांनी हृदयविकार टळला नाही. या गोळ्यांच्या भरवशावर औषध सुरू करणे लांबणीवर टाकणे मला धोक्याचे वाटते.

दाहाचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर एचएस-सीआरपी, म्हणजे दाहात वाढणाऱ्या एका प्रथिनाची रक्त तपासणी सांगू शकतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी पातळी चांगली, ३ हून अधिक जोखमीची मानली जाते. सर्दी-तापात किंवा दुखापतीनंतर ती उगाचच वाढते, म्हणून बरे झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करावी.