बँक कापते ते ईसीजीसी तुमचं नव्हे

नाशिकच्या एका बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षवाले, लासलगावचे कांदेवाले, सगळ्यांची खाती पाहिली. हंगाम संपला की ज्यांचे पैसे परदेशात अडकले ते समोर येऊन बसायचे, आणि वाक्य ठरलेलं असायचं: "मॅडम, स्टेटमेंटमध्ये ईसीजीसीचे पैसे कापलेत. म्हणजे विमा आहेच ना?"

ईसीजीसी म्हणजे निर्यातीतले पैसे बुडाले तर भरपाई देणारी सरकारी विमा कंपनी. पण स्टेटमेंटमध्ये कापलेला तो विमा बँकेचा असतो. पहिल्यांदा निर्यात करणाऱ्याने एवढं एक डोक्यात पक्कं केलं तरी निम्मं काम झालं.

ईसीजीसी ही केंद्र सरकारची शंभर टक्के मालकीची कंपनी, वाणिज्य मंत्रालयाखालची, १९५७ साली मुंबईत सुरू झालेली. ब्रिटनने असं खातं १९१९ मध्येच काढलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी गिऱ्हाइकाला उधार माल द्यायला तिथले कारखानदार धजत नव्हते, म्हणून. आज बहुतेक मोठ्या व्यापारी देशांत अशी संस्था आहे. सरकार तुमच्या हातात पैसे ठेवत नाही, ते धोका घेतं. मग बँक कर्ज द्यायला तयार होते आणि तुम्ही उधारीवर माल पाठवायला.

हा धोका दोन ठिकाणी घेतला जातो. एक, बँकेने तुम्हाला दिलेल्या कर्जावर. प्रीमियम बऱ्याचदा तुमच्या खात्यातून जातो, पण संरक्षण बँकेला. तुम्ही कर्ज बुडवलं तर ईसीजीसी बँकेला भरपाई देते, आणि तरीही बँक तुमच्याकडून वसुली चालूच ठेवते; गहाण जमीन सुटत नाही. दुसरं, तुमच्या बायरने पैसे दिले नाहीत तर. त्यासाठी पॉलिसी तुम्ही स्वतःच्या नावाने घ्यायची असते. बँक आपण होऊन ती काढून देत नाही.

(एक्झिम बँकेचं नाव ऐकून काही जण मुंबईला खेटे घालतात. १९८२ पासूनची ही सरकारी बँक मुख्यतः मोठे प्रकल्प आणि परदेशी सरकारांना दिलेली कर्जं बघते. चार कंटेनरवाल्याचं काम आपल्या शाखेतच होतं.)

आता क्रमाने सांगते.

माल जहाजावर चढण्यापूर्वीचं कर्ज म्हणजे पॅकिंग क्रेडिट. आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक), अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, बंदरावर बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे पैसे कोणत्या शाखेत येणार तो क्रमांक) हे आधी झालेलं असावं. मग ऑर्डर. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "ओके, सेंड" म्हणजे ऑर्डर नव्हे. बायरचं पूर्ण नाव-पत्ता, माल, भाव, पैसे कधी व कसे देणार, माल कधीपर्यंत पाठवायचा, एवढं एका कागदावर सहीनिशी हवं. रक्कम एफओबी, म्हणजे जहाजभाडं आणि विमा वगळून उरलेल्या, किमतीवर ठरते. समजा भाडं-विम्यासकट सौदा ३० लाखांचा आणि त्यात भाडं-विमा ५ लाख, तर बँक २५ लाख धरते. मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, २० टक्के असेल तर हातात २० लाख. तीस लाखांचा हिशोब मांडून आधीच शेतकऱ्यांना शब्द देऊन बसू नका.

हे कर्ज साधारणपणे जास्तीत जास्त ३६० दिवसांचं, आणि निर्यातीच्या बिलातूनच फिटायला हवं. निर्यात झालीच नाही तर सवलतीचा व्याजदर जातो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली आणि खळ्यावरचा माल खळ्यावरच राहिला. अशा वेळी साधी पॉलिसी उपयोगाची नसते, कारण तिचं संरक्षण माल रवाना झाल्यापासून सुरू होतं. बंदीची टांगती तलवार असलेल्या मालात पॅकिंग क्रेडिट बेतानेच उचला, असं माझं मत.

व्याजाचं एक. लहान उद्योगांना सवलत देणारी व्याज समकरण योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. कुणी जुना दर सांगून भुलवत असेल तर आज कोणती सवलत लागू आहे ते बँकेकडून लेखी घ्या.

पॉलिसी घेताना लोक म्हणतात, "तो पोलंडवाला नवा आहे, त्याच्यापुरताच विमा द्या." सर्वसाधारण पॉलिसीत असं वेचून चालत नाही, उधारीवरची सगळी रवानगी दाखवावी लागते. एकाच बायरसाठी वेगळी पॉलिसी असते, लहान निर्यातदारांसाठीही वेगळी आहे. प्रीमियम शेकडा काही पैसे असतो. तो देशाच्या धोक्याच्या वर्गावर (ए१ पासून डी पर्यंत सात वर्ग आहेत) आणि उधारी किती दिवसांची त्यावर ठरतो. भरपाई साधारणपणे नुकसानीच्या ९० टक्के. उरलेले दहा टक्के तुमचे, म्हणजे बायर नीट पारखायची गरज तुम्हालाही राहते.

पॉलिसी हातात आली की बायरवर लिमिट मागायची, म्हणजे त्याच्यावर किती रकमेपर्यंत विमा ती मर्यादा. कामं बिघडतात ती इथेच. ईसीजीसी त्या बायरची पत तपासून आकडा ठरवते, आणि तो मंजूर होण्याआधी माल पाठवू नये. नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. हॉलंडमध्ये एकाच मालकाच्या तीन-तीन बी.व्ही. कंपन्या असतात. लिमिट एकीवर, इनव्हॉइस दुसरीवर, असं झालं की क्लेम गेला.

दुसरी गोम बिल ऑफ लेडिंगची (बीएल), म्हणजे ज्यावर माल ताब्यात मिळतो त्या जहाज कंपनीच्या कागदाची. लिमिट डीपीवर घेतलेली असते, म्हणजे बायरने पैसे भरल्यावरच बँक कागद सोडणार. पण द्राक्षं नाशवंत, बायर घाई करतो, आणि एजंट परस्पर बीएल सरेंडर करून टाकतो. माल पैसे न देताच बायरच्या ताब्यात! कागदोपत्री डीपी, प्रत्यक्षात उघडी उधारी. तसंच विकायचं असेल तर लिमिट आणि प्रीमियम आधीच उधारीच्या अटीवर घ्या. किंचित महाग पडेल.

पुढे दर महिन्याची रवानगी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ईसीजीसीला कळवायची. ठरलेल्या तारखेनंतर ३० दिवस उलटूनही बिल थकलेलं असेल तर तेही त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ पर्यंत कळवायचं. "बायर चांगला आहे, देईल, उगाच कशाला बोभाटा" म्हणून हे लपवणारे मी खूप पाहिले. त्यातले काही बायर खरंच पैसे देतात, पण न देणाऱ्यासाठी तर पॉलिसी घेतली ना? मुदत वाढवून द्यायची, भाव कमी करायचा, माल दुसऱ्याला विकायचा, काहीही करण्याआधी ईसीजीसीची मंजुरी घ्या. नाशवंत मालात थांबायला वेळ नसतो, म्हणून फोन करा आणि त्याच दिवशी ईमेलही पाठवा.

पॉलिसी भरून देते ती बायरच्या दिवाळखोरीची, मुदत संपूनही पैसे न देण्याची, आणि देशच अडकला तर त्याची. २०२२ मध्ये श्रीलंकेत डॉलरचा खडखडाट झाला. बायरने तिथले रुपये भरले तरी तिथल्या बँकेला डॉलर पाठवता येत नव्हते. ही जोखीम राजकीय गटात येते.

भरून देत नाही ती मालाच्या दर्जावरून झालेल्या भांडणाची, जोवर तिकडच्या न्यायालयात तुमच्या बाजूने निकाल लागत नाही. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला, आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. असा माल अडकला तर कोणतीही पत-विमा पॉलिसी मदतीला येत नाही. तिथे औषध फवारणीची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाच आधार. रुपया-युरोच्या चढउताराचं नुकसानही यात नाही. त्यासाठी बँकेत फॉरवर्ड करार असतो, म्हणजे चलनाचा भाव आधीच ठरवून ठेवायचा.

आणि कन्साइनमेंट. आपली बरीच द्राक्षं भाव न ठरवता, "विकून जे येईल ते" या बोलीवर जातात. मग रॉटरडॅमहून हिशोब येतो: बाजार पडला, मणी गळले, कमिशन, कोल्ड स्टोरेज. यातलं काहीही विम्यात बसत नाही. कन्साइनमेंटसाठी वेगळी पॉलिसी आहे, पण तीसुद्धा पैसे बुडण्याची, भाव पडण्याची नाही. किमान हमीभाव लेखी घ्या आणि माल पोहोचल्यावर किती तासांत तक्रार करायची तेही करारात घाला. त्या तासांनंतर आलेले डागाळलेल्या घडांचे फोटो मोजायचे नाहीत, हेही त्यातच लिहा.

क्लेम मंजूर झाला म्हणून बायर सुटत नाही. वसुलीचा पाठपुरावा तुम्हालाच करायचा असतो, आणि जे हाती येईल ते ईसीजीसी आणि तुमच्यात भरपाईच्याच, म्हणजे साधारण ९०-१० च्या, प्रमाणात वाटलं जातं. तेव्हा बायरचे सगळे ईमेल, इनव्हॉइस, बीएलची प्रत आणि मंजूर लिमिटचं पत्र एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल एजंटच्या नव्हे, तुमच्या कपाटात असू द्या.